पीएम किसान: सेवा चांगली, पण हप्ता अडकला तर आधी हे पाहा

टाळेबंदीत सोलापूरकडचं द्राक्ष-डाळिंब वावरात पडून असताना शेतकऱ्याच्या खात्यावर जो सरकारी पैसा आला, तो केंद्राच्या पीएम किसान योजनेचा: वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत. 26 मार्च 2020 च्या पॅकेजात 8.7 कोटी शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात 2,000 रुपये जाहीर झाले. पण ती जादा मदत नव्हती. वर्षाच्या 6,000 मधलाच एप्रिल-जुलैचा हप्ता लवकर सोडला होता. वाट्याने जमीन कसणाऱ्याला तेव्हाही काही मिळालं नाही, आजही मिळत नाही, कारण सातबारावर नाव लागतं. योजनेतली ही सर्वांत मोठी उणीव.

2,000 रुपयांत डीएपीची एक गोणी आणि युरियाच्या दोन येतात. रक्कम तुटपुंजी खरी, पण मधे कुणाचा हात न लागता पोचते, हे मोठं काम आहे.

हप्ता आला नाही की लोक थेट सेतूकडे धावतात. आधी पीएम किसानच्या पोर्टलवर 'नो युवर स्टेटस' उघडा. नोंदणी क्रमांक आठवत नसेल तर तो मोबाइल किंवा आधारवरून तिथेच काढता येतो. तीन ओळी बघायच्या: ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणं), आधार बँक सीडिंग (आधार बँक खात्याशी जोडणं). जिथे 'नो' दिसेल तेवढंच काम करायचं.

ई-केवायसी सगळ्यांत सोपं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर घरीच होतं. म्हाताऱ्या माणसांचे, ऊसतोडीत राबलेल्यांचे ठसे यंत्र घेत नाही. बोटं घासून झिजलेली असतात. त्यांच्यासाठी पीएम किसान ॲपमधली चेहऱ्याची पडताळणी वापरा. सोबत 'आधार फेस आरडी' ॲप घ्यावं लागतं, आणि चेहऱ्यावर चांगला उजेड हवा.

खरी गुंतागुंत बँकेत. 'खात्याला आधार जोडलंय' म्हणजे डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग झालंच असं नाही. शिवाय एका आधारवर डीबीटी एकाच खात्यात जाते. नवीन खातं उघडताना सीडिंगला संमती दिली, की पैसे तिकडे वळतात आणि जुनं पासबुक कोरंच राहतं. कुठलं खातं चालू आहे ते 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दिसतं. बदलायचं असेल तर बँकेत 'डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग' असंच स्पष्ट सांगून अर्ज द्या (कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे, ही नोंद एनपीसीआय ही संस्था ठेवते).

लँड सीडिंगला वेळ लागतो. चालू सातबारा, आठ-अ, आधार आणि वारसाने जमीन आली असेल तर फेरफार, एवढं घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा. 1 फेब्रुवारी 2019 नंतर खरेदी केलेली जमीन चालत नाही, वारसाची चालते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या पट्ट्यात कन्नड वळणाची नावं सातबारावर एक आणि आधारवर दुसरी असतात. ते आधी जुळवून घ्या, नाहीतर कागद परत येतात. नवीन नोंदणीला आता ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांकही लागतो.

प्राप्तिकर भरणारे, डॉक्टर-वकिलांसारखे व्यावसायिक आणि महिना 10,000 किंवा जास्त पेन्शन घेणारे अपात्र आहेत. अशांनी अर्ज केला तर मिळालेले पैसे परत भरावे लागतात. तक्रारीसाठी 155261.

राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे वर्षाचे 6,000 पीएम किसानच्याच यादीवरून येतात. त्याला वेगळा अर्ज नसतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.