स्ट्रॉबेरीचं क्रॉप कव्हर: गारठ्याला चांगलं, वाऱ्याला नाजूक

डिसेंबर-जानेवारीत 'महाबळेश्वरला बर्फ पडला' म्हणून फोटो फिरतात. तो बर्फ आभाळातून पडलेला नसतो. वेण्णा तलाव, लिंगमळा या सखल भागात दव जागेवरच गोठतं. पर्यटकांची हौस होते आणि स्ट्रॉबेरीचा एक बहर जातो. उमललेलं फूल उणे १ अंशाच्या आसपास मरतं, पण पाकळ्या पांढऱ्याच राहतात. काळा पडतो तो मधला गोंडा. म्हणून बांधावरून पाहून काही कळत नाही, वाकून फूल बघावं लागतं.

यावर बाजारात मिळतं ते पांढरं नॉन-वोव्हन (न विणलेलं) कापड, म्हणजे क्रॉप कव्हर. त्याची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, अशी सांगतात. १७ जीएसएमचं कापड साधारण एक ते दोन अंश वाचवतं. ३० जीएसएमचं आणखी एखादा अंश देतं, पण ऊन अडवतं. वेण्णा खोऱ्यातल्या खोलगट वावराला ३० घ्यावं, बाकीच्यांना १७ पुरे. पारदर्शक पॉलिथिन स्वस्त पडतं, पण जमिनीची ऊब त्यातून रात्री आरपार निघून जाते. त्याच्या भरवशावर राहू नये.

घेताना लेबलवर विश्वास ठेवू नका, रोल काट्यावर टाका. १.६ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब रोल म्हणजे १६० चौरस मीटर. १७ जीएसएमने आतली नळी सोडून २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. सव्वादोन किलो भरला तर ते १४ जीएसएमचं कापड आहे. यूव्ही प्रक्रिया (उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव) केलेलं नसेल तर उन्हानं ठिसूळ होऊन चिंध्या होतात आणि त्या मातीतून वेचत बसावं लागतं.

रुंदीतही फसगत होते. ९० सेंटिमीटरच्या गादीवाफ्यावर ४५ सेंटिमीटर उंच तारेची अर्धगोल कमान केली की १४१ सेंटिमीटर कापड तिथंच खर्ची पडतं. १.६ मीटरच्या कापडात दोन्ही कडांना जेमतेम ९-९ सेंटिमीटर उरतं, गाडायला काहीच नाही. त्यामुळे २ मीटर रुंदीचंच घ्यावं. कमान बुटकी करून भागवायला गेलं तर कापड पाल्याला टेकतं आणि नेमकी टेकलेली फुलं करपतात.

खरी अडचण वाऱ्याची. पाचगणी-भिलारच्या पठारावर कड नुसती दगडांनी दाबली तर एका रात्रीत कापड शेजारच्या रानात जातं. कड १५-२० सेंटिमीटर मातीत गाडायची, कमानी दीड मीटरवर रोवायच्या, आणि वरून सुतळी एका कमानीच्या बुडापासून पुढच्या कमानीच्या बुडापर्यंत तिरकी ओढायची. रोज उघडायची बाजू मात्र गाडू नका, तिच्यावर वाळूच्या पिशव्या ठेवा. फाटतं ते बहुधा तारेच्या खरबरीत जागी. तारेवर जुन्या ठिबकची नळी चढवली की ते थांबतं. गंमत अशी, की वारा सुटलेल्या रात्री वरची उबदार हवा खाली मिसळते आणि दव गोठत नाही. धोका निरभ्र, निवांत रात्रीचा असतो. पठारावर जोराचा वारा असेल तर कापड गुंडाळून ठेवलेलं बरं.

वेधशाळेचा आकडा जमिनीपासून सव्वा मीटरवरचा असतो. वाफ्यावर त्याहून तीन-चार अंश कमी असू शकतं. म्हणून वाफ्याच्या उंचीवर स्वतःचा किमान तापमापक लावा. दुपारी हलकं ठिबक द्या, ओली माती जास्त ऊब धरते. कापड चारच्या सुमारास, माती गरम असतानाच ओढायचं. सकाळी नऊ-दहाला उघडायचंच, नाहीतर मधमाशी आत येत नाही आणि फळ वेडंवाकडं होतं. कोंडलेल्या दमटपणात करडी बुरशी येते ती वेगळीच.

वेण्णा खोऱ्यासाठी या कापडाला पाचपैकी चार गुण. पठारासाठी अडीच, तेही कडा गाडायला माणूस असेल तर. हंगाम संपला की पूर्ण वाळवून उंदीर पोचणार नाहीत अशा जागी टांगून ठेवा.