अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट राहू द्या, डेमो लेक्चरला बसा (५ पैकी २ स्टार, दोन्ही सरांचे)

कर्वे रोडवरच्या एका कोडिंग क्लासबद्दल लिहितेय. नाव देत नाही. मुलगी बी.कॉम. झालीय, तिला फुल स्टॅक (वेबसाइटची दिसणारी आणि मागची, दोन्ही बाजू बनवणं) शिकायचंय. काउन्सिलर मॅडम म्हणाल्या, "आधी आमची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्या, प्रोग्रामिंग जमणार की नाही ते लगेच कळतं." टेस्टची फी वेगळी.

पेपरात संख्यामाला, विसंगत आकृती ओळखा, शेकडेवारी, काळ-काम-वेग. बँकेच्या परीक्षांची तयारी केलेल्या पोरांना हे झोपेतही येईल. मुलीला 'उच्च क्षमता', तिच्या मैत्रिणीला 'मध्यम'. फी दोघींना सारखीच, मध्यमवालीला वर 'फाउंडेशन मॉड्यूल'चे जास्तीचे. आजवर कुणाला नको म्हटलंय का, असं विचारलं तर मॅडम नुसत्या हसल्या.

ही हौस जुनी आहे म्हणा. आयबीएमने १९५५ मध्येच प्रोग्रामर निवडायला अशी चाचणी काढली होती. पण तिच्यातले गुण आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांचा मेळ काही फारसा बसला नाही. आपल्याकडच्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या सी-कॅट या प्रवेश परीक्षेतही असे प्रश्न असतात, पण ती जागा वाटण्यासाठी घेतात, भविष्य सांगायला नाही.

डेमो लेक्चर मात्र फुकट, आणि खरा माल तिथेच. सरांनी फळ्यावर लिहिलं: ए = १०, बी = २०, मग ए = बी. (ए, बी म्हणजे आकडे ठेवायचे डबेच समजा.) आता कशात काय? कुणी म्हणालं अदलाबदल झाली. माझी लेक म्हणाली, बी मधलं ए मध्ये गेलं, म्हणजे बी रिकामं. पुढच्या सगळ्या उदाहरणांनाही तिने तोच नियम लावला. सर म्हणाले, लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या देहनादी आणि बोर्नाट यांनी २००६ मध्ये हेच प्रश्न वापरले होते. उत्तर चुकलं तरी चालेल, नियम एकच धरला तर पोरगं पुढे पास होतं, असा त्यांचा दावा. डेन्मार्कमध्ये करून पाहिलं तर तसं दिसेना. २०१४ मध्ये बोर्नाटनी तो दावा करणारा लेख जाहीरपणे मागे घेतला. क्लासच्याच खोलीत उभं राहून हे सांगायला धाडस लागतं हो!

मग सरांनी माझ्या लेकीलाच लॅपटॉपवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बी मध्ये काय उरलंय ते छापायला लावलं. २० आले, म्हणजे बी रिकामं झालंच नव्हतं, त्याची फक्त नक्कल ए मध्ये गेली होती. ती क्षणभर गप्प, मग कुणी न सांगता सी नावाचा तिसरा डबा घेतला आणि अदलाबदल कशी करायची ते शोधत बसली. रिपोर्टातल्या 'उच्च क्षमता'पेक्षा मला तेवढं पाहून जास्त कळलं.

खोलीत एसी आहे, पार्किंगची बोंब. आणि टेस्टची फी अ‍ॅडमिशनमधून वळती होते का, ते आधीच विचारून घ्या. आम्हाला उत्तर मिळालं, "सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही."