ग्लू गन, नऊ महिन्यांनंतर: तारेचा स्टँड आणि सासूबाईंचा आरसा

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी दुपारी साडेचारला आमच्या पुढच्या खोलीतला आरसा खाली आला. नणंद माहेरी आलेली, तिच्या पोरी निंबाला झोका बांधायला दोर शोधत होत्या, आणि भिंतीकडून खळ्ळकन आवाज. नशीब की खाली कोणी निजलेलं नव्हतं. सासूबाई आतून आल्या, आधी काचांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बंदूक तुनी, नि फुटना आरसा मना!"

आरसा त्यांच्या लग्नातला होता. गोल, बारा इंची, कडेला पारा उडालेला. त्याला मीच हौसेनं सुतळीची चौकट केली होती, आणि 'बंदूक' म्हणजे माझी ग्लू गन, गोंदाची काडी वितळवून चिकटवायचं यंत्र. त्याच रात्री रिव्ह्यूत हिला एक स्टार देऊन मोकळी होणार होते. मग म्हटलं, आधी नीट बघू काय झालंय. म्हणून हे लिहायला महिना गेला.

६० वॅटची, ११ एमएम काडीची साधी गन आहे. अमळनेरातच घेतली, २६० रुपयांना, मागच्या श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या आधी. काडी कशी वितळते, गन तापायला किती वेळ लागतो हे ज्यांनी वापरलीय त्यांना माहीत आहे, ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते तिच्या स्टँडवर.

स्टँड कसला, चिमट्यासारखी वाकवलेली एक तार. तिची दोन टोकं गनच्या नाकाखालच्या दोन भोकांत अडकवायची आणि गन त्यावर टेकवायची. कागदावर बरं दिसतं. प्रत्यक्षात गनची वायर जाड, ताठ आणि आखूड. ती जरा ओढली गेली की गन कुशीवर. तार भोकातून निसटते ती वेगळीच. पहिल्या आठवड्यात तीनदा कलंडली. टेबलावरच्या प्लॅस्टिकला रुपयाएवढं भोक पडलं, ते प्लॅस्टिक ९० रुपयांचं. एकदा तर कानबाईच्या मागे लावायच्या पडद्यावर पडता पडता राहिली. तापलेलं नाक दीडशे अंशांच्या वर असतं हो! एवढ्या गरम वस्तूला उभं राहायला दोन पैशांची तार? वर गनला बटणही नाही. ठेवायची तर तापलेलीच ठेवायची, नाहीतर पिन उपसायची. ज्यानं ही तार काढली त्यानं घरात बसून एक तोरण तरी केलंय का, असं मला अजून विचारायचंय.

मी तक्रारखोर आहे असं वाटायला नको, म्हणून चांगलं सांगते. त्या कानबाईच्या आरासीला बाहेरून काहीच आणलं नाही. केळीचे खांब शेतातले. फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची महिरप कापली, तिला जुन्या नऊवारीचा काठ लावला आणि जोड फुटलेल्या काचेच्या बांगड्यांची लटकन केली. आमच्याकडे कानबाईच्या आधी घर धुऊन-रंगवून काढतात, त्यामुळे हातात वेळ म्हणून नसतोच. फेविकॉल वाळायची वाट बघत बसले असते तर सोमवारी विसर्जनाला महिरप तयार झाली असती. गननं दोन तासांत काम झालं. काठ पुठ्ठ्यावर धरला, ठिपका सोडला, वीस आकडे मोजले, चिकटला. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जेवणाला आलेल्या बायकांनी महिरप कुठून आणली विचारलं. मी मुद्दाम लवकर सांगितलं नाही.

त्या नादात दिवाळीपर्यंत घरातली एक वस्तू सोडली नाही. सॉसच्या बाटल्यांना सुतळी गुंडाळून फुलदाण्या केल्या. इथे एक शिकले, काचेवर गोंद नुसता सोडला तर थंडीत तो टरफलासारखा निघून येतो. काच आधी पॉलिशपेपरनं घासायची, स्पिरिटनं पुसायची, मग धरतो. आणि त्या फुलदाणीत मी काय ठेवलं, तर पऱ्हाटी! शेतातली कपाशीची काडी, उकललेल्या पांढऱ्या बोंडांसकट. पुण्याला एका घरी हीच काडी काचेच्या उंच बरणीत विकत आणून ठेवलेली बघितली होती. आपल्याकडे उपसून बांधावर टाकतात. दीर म्हणाले, "वहिनी, लोक बोंडअळीच्या भीतीनं पऱ्हाटी शेतात ठेवत नाहीत आणि तुम्ही दिवाणखान्यात आणताय?" त्यांचं खोटं नव्हतं. गुलाबी अळी वाळल्या बोंडांत दडून राहते, म्हणून पऱ्हाटी साठवू नका असं कृषी खात्याचे लोक सांगतात. मग एकेक बोंड उकलून बघितलं, किडकी चुलीत घातली, चांगली तेवढी सात ठेवली. अजून आहेत. धूळ मात्र फार धरतात.

दिवाळीच्या तोंडावर गन अडली. घोडा दाबला जाईना. उघडून बघितलं तर गोंद पुढे यायच्या ऐवजी मागे वाहून आत गोठलेला. दुकानात नेली. सहा महिन्यांची वॉरंटी तोंडी दिली होती, पण दुकानदार म्हणाले, "ताई, तुम्ही बारीक काडी घातली. बारीक काडीला वॉरंटी नाही." बारीक काडी, म्हणजे ७ एमएमची. ती बांधून कोणी दिली? त्यांनीच, गनसोबत, १० काड्या. ११ एमएमच्या गनमध्ये ७ ची काडी घातली की भोवती पोकळी राहते आणि वितळलेला गोंद त्या पोकळीतून उलटा येतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना असायला हवं होतं. अर्धा तास वाद घातला. शेवटी काड्या बदलून दिल्या, गन नाही दिली. घरी येऊन ती तापवली, पकडीनं जुनी काडी हळूहळू मागे ओढून काढली, जाड काडी घातली. चालू झाली, आजही चालू आहे. त्या दिवशी खरं तर माझं मत गनबद्दल सुधारलं आणि दुकानाबद्दल उतरलं. काड्या तेव्हापासून दुसरीकडून आणते, एक १० रुपयांना. नवीन घेणाऱ्यांनी काडी गनच्या भोकात घालून बघूनच पैसे द्यावेत.

आता आरसा. चौकटीचं कडं मी ठिबकच्या नळीचं केलं होतं, १६ एमएमची काळी नळी. शेतात जुनी नळी उंदरानं कुरतडली की वेटोळी करून टाकून देतात, घराघरांत पडलेली असते. सात फूट नळी कापली, दोन टोकं जॉइनरनं जोडली, झालं गोल कडं. पण गोंद त्या नळीला धरतच नाही. वाळला की आख्खा थर नखानं उचलून येतो. ती नळी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला हा गोंद चिकटत नाही, गन कितीची का असेना. म्हणून कड्यावर सुतळीचे वेढे आवळून घ्यायचे, दोन टोकांना गाठ मारायची, आणि पुढची सगळी सजावट सुतळीवर करायची. सुतळीला गोंद झकास धरतो. मागे पातळ प्लाय बसवून कड्याशी सुतळीनं शिवला. आरसा त्या प्लायवर गोंदाच्या आठ मोठ्या ठिपक्यांवर बसवला आणि टांगायचा फासही प्लायच्या मागे गोंदानंच चिकटवला. चूक ह्या शेवटच्या वाक्यात आहे, पण ती कळायला वैशाख उजाडला.

काचा गोळा केल्यावर मी तो प्लाय उजेडात धरून बघितला. मला वाटलं होतं गोंद तुटला असेल. तुटला नव्हता. फासाच्या जागी गोंदाची एक तार खाली ओघळलेली होती, करंगळीएवढी लांब, गुळाच्या पाकाची तार ओढावी तशी, टोकाशी केसासारखी बारीक. वरच्या गोळ्यात सुतळीचा पीळ जसाच्या तसा उमटलेला, भाकरीवर बोटं उमटतात तसा. म्हणजे फास एकदम सुटला नव्हता. किती दिवस कोण जाणे, तो रोज दुपारी थोडा थोडा सरकत होता आणि रात्री पुन्हा गोठत होता. चैत्रात आरसा मला जरा खाली आल्यासारखा वाटला होता. मी ह्यांना म्हटलंही, तर हे म्हणाले, "तुझी नजर उतरली असेल."

भिंत पश्चिमेची. विटेची, बाहेरून उघडी, दुपारी दोनपासून सूर्य तिच्यावरच. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४४ च्या घरात जातो, आणि उन्हातली भिंत हवेपेक्षाही तापते. संध्याकाळी सहाला आतून हात ठेवला तर चूल विझवल्यावर तवा लागतो तशी लागत होती. काड्यांच्या पाकिटावर गोंद ८० अंशांना मऊ होतो असं होतं. मी त्यावर विसंबले. पण ते आकडे नुसत्या काडीचे. तिला वजन टांगलं की ती त्याच्या खूप आधीच ताणायला लागते. प्लॅस्टिकच ते, वितळून गोठतं, फेविकॉलसारखं वाळून कायमचं बसत नाही.

माझी खात्री होईना, म्हणून धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर परीक्षाच घेतली. प्लायच्या तीन पट्ट्या, तिन्हींना मागे सुतळीचा फास. एक गनच्या गोंदाचा, एक फेविकॉलचा, एक मैद्याच्या खळीचा. खळ सासूबाईंनी शिजवून दिली, त्या तिला खय म्हणतात. वाटीभर मैदा, चार वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता शिजवायचं, आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, त्याला भांडं वेगळं ठेवा आणि पोरांपासून लांब. दोन दिवस सगळं वाळू दिलं. मग पश्चिमेच्या कठड्याला तीन खिळ्यांवर तीन फास, आणि प्रत्येक पट्टीखाली एक किलो मिठाचा पुडा. मीठ एवढ्यासाठी, की वजन तिन्हीकडे सारखं आणि पडलं तर परत वापरता येतं.

पहिल्याच दिवशी चारच्या आत गनवाला पुडा खाली. फुटलाही. बाकीचे दोन्ही तीन दिवस जागचे हलले नाहीत. मला फेविकॉलचं नवल वाटलं नाही, खळीचं वाटलं. सासूबाईंना कशाचंच वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "आमी पतंगा खयीनाच चिटकाडूत." पावसाळ्यात खळ ओल धरेल, तेव्हा बाहेर टांगायला ती नकोच.

मग तीच गनवाली पट्टी नव्यानं चिकटवून घरात पूर्वेच्या भिंतीला टांगली, तोच मिठाचा पुडा पिशवीत भरून. आज चोवीस दिवस झाले. आहे तिथेच आहे. त्यामुळे एक स्टार देणार होते ते रद्द. गन वाईट नाही, मी तिला उन्हात मजुरी लावली होती. पुठ्ठा, काठ, लेस, बांगड्या, बाटली, जे बसून राहतं त्याला तिच्यासारखी सोय नाही. टांगायचं असेल तर फास कड्याला गाठ मारून बांधा आणि गोंद फक्त गाठीवर ठिपक्यापुरता. नवा आरसा मी तसाच केलाय. आरसा प्लायवर बसवायला चारही बाजूंनी स्क्रूच्या क्लिपा घेतल्या, चार मिळून ४० रुपये. हे आधी केलं असतं तर सासूबाईंचा आरसा शाबूत असता, हे मला रोज एकदा ऐकवलं जातं.

लाइटचं एक राहिलं. घोडा दाबताना लाइट गेली तर हातातलं काम टाकून गनचं नाक पुसून घ्या. गोठलेला गोंद परत तापायला चार-पाच मिनिटं जातात आणि तेवढ्यात अर्धा चिकटलेला काठ वाकडा होतो. गोंदाची कोळ्याच्या जाळ्यासारखी तारं राहतात, ती केस वाळवायच्या यंत्राचा गरम वारा दिला की आक्रसतात. बोटाला गोंद लागला तर ओढू नका, आधी थंड पाण्यात धरा. माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे.

आणि तो स्टँड. तार मी दिवाळीतच फेकली. त्या जागी घरातला लोखंडी खलबत्ता वापरला, बत्ता काढून नुसता खल. गन त्यात नाक खाली करून ठेवायची. जड असल्यामुळे कलंडत नाही, गळलेला गोंद लोखंडावर थंड झाला की चकतीसारखा उचलून येतो, आणि नाक खाली असल्यामुळे गोंद मागेही वाहत नाही. सहा महिने एकदाही पडली नाही. पण काळा मसाला कुटायच्या वेळी सासूबाईंनी खल हुंगला आणि प्लॅस्टिकचा वास येतो म्हणून नाकारला. चिंचेनं, राखेनं, लिंबानं घासून झालं, त्यांना येतोच. मागच्या शनिवारी बाजारातून मसाल्याला नवा खलबत्ता आणला. बंदूक २६० ची, तिचा स्टँड साडेचारशेला पडला.