चार्जिंगवर चालणारे हवा भरण्याचे यंत्र: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी पाण्याच्या छोट्या बाटलीएवढे, चार्जिंगवर चालणारे हवा भरण्याचे यंत्र सुमारे २,३०० रुपयांना मागवले. याच साच्यातले यंत्र निरनिराळ्या नावांनी विकले जाते, त्यामुळे नावाला फारसा अर्थ नाही. वाई ते शिरवळ हा माझा रोजचा प्रवास, आणि परतताना खंबाटकी घाट. गाडी पल्सर १५०. तिला पुढच्या चाकात २५, मागच्या चाकात एकट्यासाठी २८ आणि मागे कोणी बसणार असल्यास ३२ पीएसआय दाब ठेवायचा असतो.

खरेदीमागे एक जुने दुखणे होते. वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा न विचारता दोन्ही चाकांत ३५ भरत असे आणि वर ‘काका, टाइट हवेने अ‍ॅव्हरेज मिळतं’ असे ऐकवत असे. अ‍ॅव्हरेज किंचित वाढते हे खरे. पण दाब वाढला की टायरचा रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, पुढचे चाक रम्बलरवर (वेग कमी करायला लावणाऱ्या रस्त्यावरच्या उंच पट्ट्यांवर) टणटण उडते आणि ओल्या वळणावर ब्रेकवरचा हात आपोआप आखडतो. मागच्या टायरची गत याहून वाईट झाली. १४,००० किलोमीटरमध्ये मधला दोन बोटे रुंद पट्टा सपाट झाला होता आणि कडांवरची नक्षी मात्र जवळजवळ नवी होती. सरळ महामार्गावर मधला भाग आधी झिजतोच, त्यामुळे सारा दोष हवेवर टाकता येणार नाही. तरीही इतका फरक नुसत्या रस्त्याने पडत नाही. गोल टायर असा चौकोनी झाला की गाडी वळणात आधी झुकायला तयार होत नाही आणि पट्ट्याची कड ओलांडताच एकदम पडल्यासारखी कलते. याचे खापर मी बरेच दिवस हँडलच्या बेअरिंगवर फोडत होतो. ते बदलूनही घेतले.

यंत्राचा खरा उपयोग हवा भरण्यापेक्षा मोजण्यात आहे, कारण दाब थंड चाकातच पाहायचा असतो आणि पंपापर्यंत पोहोचेतो चाक तापलेले असते. सकाळी घरी २८ दाखवणारे मागचे चाक शिरवळला पोहोचल्यावर ३१ दाखवते. तिथे ती ‘जास्तीची’ हवा सोडणे म्हणजे दुसऱ्या दिवशी कमी हवेवर निघणे. तापमान दहा अंशांनी उतरले तरी दाब एक-दीड पीएसआयने घटतो, हे मला डिसेंबरात कळले. दाब मोजायच्या माझ्या जुन्या पिनगेजशी पडताळले असता यंत्राचा आकडा एका पीएसआयच्या आतच राहिला. मागचे चाक २० वरून २८ वर यायला सव्वा मिनिट लागते आणि ठरवलेल्या आकड्यावर यंत्र आपोआप थांबते. नळी काढताना मात्र ‘फुस्स’ करून थोडी हवा जाते, म्हणून मी २९ लावतो.

जानेवारीत मात्र आळस नडला. सहा आठवडे हवा पाहिली नाही आणि एका रविवारी पत्नीला घेऊन निघालो, तेव्हा घाटात मागचा भाग लांबून ओढल्यासारखा डोलू लागला. घरी मोजले तर १९. इतक्या कमी हवेत टायरची बाजू फेऱ्यागणिक दुमडते, रबर आतून तापते आणि मग झीज कडांकडे सरकते. शेजारचे काका अजूनही टायर अंगठ्याने दाबून ‘ठीक आहे’ म्हणतात. त्या दिवशी मीही तेच केले होते.

नव्या टायरचे आता ११,००० किलोमीटर झाले आहेत. मधला पट्टा दिसू लागला आहे, पण जेमतेम बोटभर, आणि वळणात गाडी एकसारखी झुकते.

तक्रारी दोन. सकाळी सहाला हे यंत्र गल्ली जागी करते, एवढा त्याचा आवाज आहे. दुसरी म्हणजे नळी वीतभरच आहे, त्यामुळे मागचा व्हॉल्व्ह सायलेन्सरच्या आड गेला असेल तर गाडी हातभर ढकलून पुन्हा स्टँडवर लावावी लागते. शिवाय तिचे पितळी टोक भरून होईतो इतके तापते की मी सोबत एक फडके ठेवतो.