बेसबॉल सॅव्हंट: उद्यमबागेच्या रात्रपाळीवरून

पहाटे साडेचारला आमच्या शॉपमध्ये चहा येतो. त्याच सुमाराला तिकडं न्यूयॉर्क, डेट्रॉइटला संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि बेसबॉलचे सामने सुरू होतात. मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात मशीन शॉपच्या तपासणीला आहे. रात्रभर कास्टिंगचे बोअर, म्हणजे आतली भोकं, मोजायचे, मापात बसलं तर पास, नाही तर लाल रंग. एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात मोबाईल बघून शेजारच्या मशीनवरच्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "यावुदु मॅच री?" (कुठली मॅच हो?) बेसबॉल म्हटल्यावर त्यानं एकदा मोबाईलकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मशीन चालू केलं.

हे फँटसी बेसबॉलचं खूळ भाच्याचं. तो मिशिगनला असतो. "मामा, तुम्ही रात्रभर जागेच असताय की, मग खेळा आमच्यात," म्हणाला. आम्ही नऊ जण आहोत: तिघं बेळगावात, एक खानापुरात, दोघं पुण्यात, बाकीचे तिकडं. रोज खऱ्या सामन्यांतल्या दहा खेळाडूंची टीम मोबाईलवर लावायची, दोन पिचर (चेंडू टाकणारे) आणि आठ बॅटर; ते मैदानावर जसं खेळतील तसे आपल्याला गुण. प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि सगळे मिळून 50,000 च्या आत बसवायचे. गुणांची पद्धत भाच्यानं ड्राफ्टकिंग्ज या अमेरिकन फँटसी कंपनीची उचललीय: सिंगलला (फटक्यावर एक बेस गाठला तर) 3, दोन बेसच्या डबलला 5, तीनच्या ट्रिपलला 8, होमरनला 10, धाव आणि आरबीआयला (आपल्या फटक्यावर आलेली धाव) प्रत्येकी 2, वॉकला (चार खराब चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) 2, बेस चोरला तर 5. पैसे लावत नाही. 2025 च्या कायद्यानं आपल्याकडं ऑनलाइन पैशाचे खेळ बंदच झाले, आणि तसंही आमच्या आईसमोर पैसे लावायची कुणाची छाती नाही. शिक्षा एवढीच, की महिन्याला जो शेवटी येईल त्यानं बाकीच्यांना कुंदा, आमची बेळगावची मिठाई, द्यायचा. पहिल्या हंगामात एप्रिल, मे, जून, तिन्ही महिने मीच दिला. दुकानदार विचारायला लागला, घरात काय शुभकार्य आहे का म्हणून.

जुलैपासून कुंदा उलट्या दिशेनं यायला लागला. त्याचं श्रेय मी बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटला देतो, म्हणून हा अभिप्राय.

साइट मेजर लीग बेसबॉलचीच आहे. फुकट, लॉगिनसुद्धा नाही. 2015 पासून त्यांच्या तीसही मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची मोजणी चालते आणि 2020 पासून तिच्यामागं हॉक-आयचे बारा कॅमेरे असतात. आपण डीआरएसच्या नावानं ज्याला शिव्या घालतो तेच हॉक-आय. पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू किती वेगानं आला, किती वळला, बॅटवरून किती वेगानं आणि कोणत्या कोनात सुटला, सगळं इथं सापडतं. ताशी 95 मैलांच्या वर सुटला की तो कडक फटका. 98 मैल आणि 26 ते 30 अंशांचा कोन जमला की त्याला बॅरल म्हणतात, आणि वेग वाढेल तशी कोनाची सूटही वाढत जाते. हे वाचलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. टॉलरन्सच की हा, मापातली सूट! स्कोअरकार्ड म्हणजे ग्राहकाकडं गेलेला माल, आणि ही साइट म्हणजे शॉपमध्येच घेतलेलं माप. फटका कडक बसला पण सरळ फील्डरच्या हातात गेला, तर स्कोअरकार्डात शून्य. इथं मात्र त्याची नोंद राहते. त्यावरून काढलेला एक्सवोबा नावाचा आकडा, म्हणजे फटक्यांच्या दर्जावरून बॅटरच्या पदरात किती पडायला हवं होतं त्याचा अंदाज, मी सगळ्यात आधी बघतो. लीगची सरासरी .310 ते .320 च्या आसपास असते; .370 च्या वर असेल तर गडी खरोखरच चांगला मारतोय.

आता मी तीन महिने का हरत होतो ते सांगतो. साइटवर त्या दिवशी सुरुवात करणाऱ्या पिचरांचं एक पान आहे. पिचरच्या नावाखाली समोरच्या टीमच्या बॅटरांनी त्याला आजवर कसं खेळलंय ते येतं. नवीन माणूस तिथंच अडकतो. अमक्यानं तमक्या पिचरला नऊ वेळा खेळून पाच हिट मारलेत, मग घाला टीममध्ये! मी तेच करत होतो. एकदा असाच एकजण सगळ्यात महाग असूनही घेतला आणि तो चार वेळा येऊन तीनदा स्ट्राइकआउट होऊन बाद झाला. चहा तसाच गार झाला. मग मनात आलं, आपण पाच पीस मोजून अख्खा लॉट कधी पास करतो का? वरिष्ठ मला दारात उभं करणार नाहीत. नऊ वेळा म्हणजे काहीच नाही, त्यातल्या निम्म्या तीन वर्षांपूर्वीच्या. तेव्हा पिचरचा खांदा वेगळा होता, चेंडूही वेगळे होते. त्या पानावरून पिचर कोण आणि कोणत्या हाताचा एवढंच घ्यावं आणि पुढं जावं.

खरा माल आहे तो चेंडूंच्या प्रकारावर. पिचरच्या पानावर तो फास्टबॉल (वेगवान) किती टक्के टाकतो, स्लायडर (आडवा वळणारा) किती, चेंजअप (हळू येणारा फसवा) किती, हे रंगीत दिसतं. बॅटरच्या पानावर तो कोणत्या प्रकाराला कसा मारतो ते दिसतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. उजव्या पिचरचा स्लायडर उजव्या बॅटरपासून लांब जातो, आपल्या लेगस्पिनसारखा. डावखुऱ्या बॅटरच्या मात्र तो अंगात येतो. म्हणून साधा नियम असा, की पिचरच्या उलट हाताचा बॅटर घ्या. हा नियम शेंबडं पोरही सांगेल. पण मी तो डोळे झाकून लावला आणि भाच्याच्या गावच्या टीमनंच माझी जिरवली.

मिशिगनमधल्या डेट्रॉइटचा तारिक स्कूबल. डावखुरा पिचर, 2024 चा अमेरिकन लीगचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, जिंकणारा. मी म्हटलं, डावखुरा ना, मग भरा उजवे बॅटर! समोरच्या टीमचे चार उजवे घेतले, तेही स्वस्तात, आणि स्वतःवर खूश होतो. चौघांचे मिळून गुण एका सिंगलएवढे. भाचा फोनवर हसायचा थांबेना. "मामा, त्याचा चेंजअप बघितलाय काय?" नव्हता बघितला. डावखुऱ्याचा चेंजअप उजव्या बॅटरपासून बाहेर जातो, तोही फास्टबॉलच्याच हातवाऱ्यातून आणि कमी वेगानं. क्रिकेटमध्ये डावखुरा स्पिनर उजव्याला बाहेर काढतो ना, तसंच. म्हणजे ज्याचा चेंजअप चांगला, त्याला उलट हाताच्या बॅटरचं भय नाही. उलट हाताचा फायदा घ्यायचा तो फास्टबॉल-स्लायडरवर जगणाऱ्या पिचरसमोर. ही एक गोष्ट सॅव्हंटवर चार मिनिटांत दिसते, आणि तिच्यापायी मी किती किलो कुंदा वाटला ते बायकोला विचारा.

मैदानांचा तक्ताही आहे, तो वरवर बघितला तरी चालतो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे 5,200 फूट उंच आहे. आपलं बेळगाव जेमतेम अडीच हजार. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्ह नावाचा वळणारा चेंडूही नीट वळत नाही. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमची उजवी बाजू रेषेजवळ फक्त 314 फूट, म्हणून ओढून मारणारे डावखुरे तिथं फळतात. हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यानं त्या बॅटरांच्या किमती आधीच चढलेल्या असतात.

साइटच्या भरवशावर राहू नये अशाही गोष्टी आहेत. सुरुवातीचा पिचर नऊपैकी पाच-सहा इनिंग (डाव) टाकतो, त्यानंतर बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, दुसरेच येतात. म्हणजे तुम्ही जुळवलेली जोडी फार तर तीन वेळा समोरासमोर येणार, त्याचा हिशेब तुम्हीच ठेवायचा. बॅटिंगचा क्रमही तुम्हीच बघायचा. पहिल्या चारांत उतरणाऱ्याला जास्त वेळा खेळायला मिळतं, नवव्याला कमी. माझी आणखी एक खोड म्हणजे शक्यतो पाहुण्या टीमचे बॅटर घेणे. यजमान पुढं असतील तर नवव्या इनिंगमध्ये खेळतच नाहीत. पाहुण्यांना नवव्या इनिंगमध्येही बॅट मिळतेच. एकाच टीमचे ओळीनं उतरणारे तिघं-चौघं घेतले, तर एकाच्या हिटवर दुसऱ्याची धाव आणि पहिल्याचा आरबीआय, दोन्ही आपलेच. ड्राफ्टकिंग्जच्या नियमात एका टीमचे पाचपर्यंत बॅटर चालतात.

मध्येच आमच्यातल्या पुण्याच्या एकानं मला एका पैसेवाल्या चॅनलचं वर्गणीदार केलं. महिन्याला 499 रुपये, रोज रात्री "आजचे पाच पक्के बॅटर". नाव सांगत नाही. पाचातले तीन त्या पहिल्याच पानावरून उचललेले असायचे, तेच नवात पाच हिटवाले. एकदा तर पावसानं रद्द झालेल्या सामन्यातला गडी पक्का म्हणून आला. एका महिन्यात सोडलं. तेवढ्या पैशात चार दिवसांचं मटण येतं.

सॅव्हंटला मी पाचपैकी साडेचार देतो. सगळं मैलांत आणि फुटांत आहे, आणि मी रात्रभर मिलिमीटरमध्ये जगणारा माणूस. अर्धा त्यासाठी कापला. इंग्रजी तांत्रिक आहे, पण आकड्यांना भाषा लागत नाही. शेजारचा मशीनवालाही आता डोकावतो. परवा विचारत होता, भारतातला कुणी खेळलाय का. मी म्हटलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं घेतले होते, मेजर लीगपर्यंत नाही पोचले. "रिंकू सिंग? कोलकात्याचा?" तिथून समजावताना चहाची सुट्टी संपली.

या महिन्यात शेवटी भाचाच आहे. म्हणतो, मामा, ऑनलाइन मागवून देतो कुंदा. मी सांगितलं, ते चालायचं नाही. दिवाळीला येशील तेव्हा स्वतः रांगेत उभा राहा आणि आजीच्या हातात दे.