फोन हीच गाडीची किल्ली: सोय किती आणि सुरक्षितता किती

मोबाइल गाडीची किल्ली म्हणून वापरण्याची सोय आता भारतात केवळ महागड्या परदेशी गाड्यांपुरती राहिलेली नाही. ह्युंदाईने सप्टेंबर 2024 मध्ये अल्काझारची नवी आवृत्ती आणली, तेव्हा तिच्या वरच्या श्रेणींत ही सोय दिली, आणि जानेवारी 2025 मध्ये आलेल्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्येही ती आहे. आमच्या घरी अल्काझार आल्यापासून रोजच्या येण्याजाण्यासाठी मी हीच किल्ली वापरते. माझे मत सुरुवातीलाच सांगते: फोन दाराच्या हँडलला टेकवावा लागणारी ही किल्ली मला मनापासून आवडली आहे, आणि फोन पर्समध्येच असताना आपोआप दार उघडणाऱ्या किल्लीपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे.

वापर अगदी साधा आहे. फोन पुढच्या दाराच्या हँडलला टेकवला की कुलूप उघडते, फोन आतल्या वायरलेस चार्जिंगच्या जागेवर ठेवून ब्रेक दाबला की गाडी सुरू करता येते, आणि उतरल्यावर पुन्हा टेकवला की दारे बंद होतात. यामागचे एनएफसी हे बिनतारी तंत्र 13.56 मेगाहर्ट्झ लहरींवर चालते आणि अवघ्या काही सेंटिमीटरच्या अंतरातच काम करते. त्यामुळे फोनचा नेमका कोणता भाग टेकवायचा हे हाताला ठाऊक व्हावे लागते. आयफोनमध्ये एनएफसीचा अँटेना वरच्या कडेला असतो, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो पाठीच्या मध्यभागाजवळ असतो. फोनच्या कव्हरमागे लोखंडी चकती किंवा अंगठी लावलेली असेल, तर गाडी फोनला ओळखतच नाही आणि माणूस विनाकारण गाडीला दोष देतो. गाडी घेण्याआधी आपला फोन कंपनीच्या सुसंगत फोनांच्या यादीत आहे की नाही, हेही शोरूममध्येच पाहून घ्यावे, कारण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त फोनमध्ये एनएफसी नसतेच.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण विक्रेते तो क्वचितच स्पष्ट करतात. कंपनीच्या ॲपमधून घरबसल्या गाडी उघडणे किंवा एसी सुरू करणे इंटरनेटवर अवलंबून असते, म्हणजे फोनलाही रेंज हवी आणि गाडीलाही. टेकवायच्या किल्लीला रेंज लागत नाही, कारण ती फोनमधल्या वेगळ्या सुरक्षा चिपमध्ये साठवलेली असते आणि गाडीशी थेट बोलते. हिंजवडीतल्या एखाद्या इमारतीच्या तळघरातल्या तिसऱ्या मजल्यावर, किंवा ताम्हिणी घाटात मोबाइलला एकही काडी नसताना, ॲप हतबल होते पण किल्ली चालते. ज्यांनी केवळ ॲपच्या भरवशावर खरी किल्ली घरी ठेवली आहे, त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे किल्ली दुसऱ्याला पाठवण्याची सोय. ह्युंदाईच्या माहितीनुसार अल्काझारची डिजिटल किल्ली तीन जणांपर्यंत वाटून घेता येते आणि एका वेळी सात उपकरणांना जोडता येते. घरात दोघे-तिघे गाडी चालवणारे असले, की किल्ली कोणाच्या खिशात राहिली यावरून रोज सकाळी होणारी शोधाशोध थांबते. मुलगा सुट्टीत घरी आला तर त्याला किल्ली पाठवावी आणि तो परत गेला की ती काढून घ्यावी. रोजंदारीवर बोलावलेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. खरी किल्ली एकदा दुसऱ्याच्या हाती गेली की तिची नक्कल झाली का, हे कळायला मार्ग नसतो, पण फोनवर दिलेली किल्ली कोणाकडे आहे हे दिसते आणि ती मागे घेता येते. मात्र हे काढून घेणे आठवणीने करावे लागते. ती सवय नसेल, तर ही सोय उलट धोक्याची ठरते.

आता सुरक्षिततेकडे वळते. बिनकिल्लीच्या गाड्यांची चोरी कशी होते, हे कळल्याशिवाय फोनच्या किल्लीची पारख करता येत नाही. नेहमीच्या बटणाच्या रिमोट किल्लीचा संदेश एक चोर घराच्या दाराजवळ उभा राहून पकडतो आणि गाडीजवळच्या साथीदाराकडे पोहोचवतो. किल्ली आत टेबलावर असूनही गाडीला ती शेजारीच असल्यासारखे वाटते. जर्मनीतील एडीएसी ही वाहनचालकांची संस्था अशा हल्ल्यांची चाचणी अनेक वर्षे करत आली आहे आणि तिने तपासलेल्या बहुसंख्य गाड्या उघडल्या गेल्या. फोन किल्ली झाला म्हणजे हा धोका आपोआप टळला असे मानणे चूक आहे. टेस्लाची फोनकिल्ली मुळात ब्लूटूथवर चालते. मे 2022 मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा संस्थेच्या संशोधकाने टेस्लाच्या गाडीवर हाच प्रयोग केला आणि मालकाचा फोन दूर असताना गाडी उघडून सुरू करून दाखवली. याच टेस्लाचे दालन जुलै 2025 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले असल्याने ही बाब आता आपल्याही वाचकांच्या कामाची आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी चार अंकी पिन मागण्याची सोय टेस्लाने 2018 पासून दिलेली आहे, आणि ती चालू न करण्याचे कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही.

ब्लूटूथच्या या उणिवेवर शोधलेले उत्तर म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड हे रेडिओ तंत्र. बीएमडब्ल्यूने आयएक्स या गाडीसाठी ते 2021 मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्टियम या गाडी आणि फोन कंपन्यांच्या संघटनेच्या डिजिटल किल्लीच्या तिसऱ्या मानकातही ते आले. यात गाडी आणि फोन यांच्यातील अंतर संदेशाच्या ताकदीवरून न ठरवता त्याला लागलेल्या वेळेवरून मोजले जाते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जाते. मध्ये कोणी संदेश पोहोचवणारा बसला तर वेळ वाढतोच, कमी होऊ शकत नाही, हा त्यामागचा विचार आहे. तो मला फार सुंदर वाटतो. तरीही झुरिकच्या ईटीएच या संस्थेतील संशोधकांनी 2022 मध्ये दाखवले, की काही चिपांना चुकीचे अंतर भासवता येते आणि 12 मीटरचे अंतर शून्य असल्याचे पटवता येते. त्यांचा हल्ला शंभरातून जेमतेम चार वेळा यशस्वी झाला, म्हणजे चोराच्या दृष्टीने तो सध्या फारसा फायद्याचा नाही. पण त्यातून एवढे नक्की दिसते, की माणसाने काहीही न करता दार उघडायचे ठरवले, की गाडीला सतत अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकवता येतो.

टेकवण्याच्या किल्लीत तो अंदाज जवळजवळ उरतच नाही, आणि माझी पसंती तिला आहे ती यामुळेच. फोन बाहेर काढण्याचा जो क्षणभराचा त्रास आहे, त्यातूनच मालकाचा इरादा गाडीला कळतो. एनएफसीचा संदेशही उपकरणांच्या साहाय्याने दूर पोहोचवता येतो हे खरे, पण त्यासाठी चोराला आपल्या फोनपासून काही सेंटिमीटरवर यावे लागते. एवढी जवळीक कोठे मिळते? गाडी ठाणे किंवा कल्याण स्थानकाच्या वाहनतळावर लावून गर्दीच्या लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाला याचे उत्तर वेगळे सांगायला नको. आयफोनवरच्या किल्लीला एक्सप्रेस मोड असतो. तो चालू असेल तर फोन न उघडता, चेहरा न दाखवता किल्ली चालते, आणि फोनची बॅटरी संपल्यानंतरही पाच तासांपर्यंत ती उपयोगी पडू शकते. मोड बंद केला तर दरवेळी चेहरा किंवा बोटाचा ठसा द्यावा लागतो, मात्र बॅटरी संपल्यावर मिळणारी ही सवलत जाते. सोय आणि सुरक्षितता यांतली खरी निवड या एका बटणाशी येऊन थांबते. ज्यांची गाडी दिवसभर स्थानकाजवळ उभी असते त्यांनी तो मोड बंद ठेवावा आणि खरी किल्ली किंवा किल्लीचे कार्ड बॅगेत ठेवावे. ज्यांची गाडी सोसायटीच्या आवारातून कार्यालयाच्या आवारात जाते, त्यांनी तो चालू ठेवला तरी माझी हरकत नाही.

याहून मोठी काळजी मला लहरींची नाही, गाडीच्या ॲपमधल्या खात्याची वाटते. मार्च 2024 मध्ये मिस्क या नावाने काम करणाऱ्या संशोधकांनी चार्जिंग केंद्राजवळ टेस्लाच्या नावाचे खोटे वायफाय उभे करून दाखवले. मालकाने त्यावर आपले नाव, पासवर्ड आणि एकदाच चालणारा संकेतांक टाकला, की त्याच्या गाडीसाठी चोराच्या फोनवर नवी किल्ली तयार करता येत होती. येथे कोणतेही कुलूप तोडलेले नाही. आपल्याकडे ओटीपी विचारून बँकेची खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या असताना गाडीच्या खात्याचा पासवर्ड वाढदिवसाच्या तारखेवरून ठेवणे किंवा फोनचा पासकोड चारचौघांसमोर टाकणे आता परवडणारे नाही. फोन हरवला तर त्याच क्षणी दुसऱ्या उपकरणावरून तो हरवल्याची नोंद करावी, म्हणजे त्यातल्या किल्ल्या स्थगित होतात. ते कसे करायचे, हे फोन हातात असतानाच एकदा करून पाहावे.

काही अडचणी तंत्राच्या नाहीत, व्यवहाराच्या आहेत. एका उपाहारगृहाच्या दारात गाडी लावून देणाऱ्या कर्मचाऱ्याने किल्ली मागितली तेव्हा माझ्याजवळ फक्त फोन होता, आणि फोन तर देता येत नाही. शेवटी गाडी स्वतःच दूर नेऊन लावावी लागली. तेव्हापासून खरी किल्ली गाडीबाहेर, पर्सच्या आतल्या कप्प्यात असते. दुसरी अडचण विम्याची आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागतात, म्हणून फोनवर किल्ली आली तरी खऱ्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात, आणि फोनवरची किल्ली कोणाकोणाला दिली आहे याबाबत विमा कंपनीला काय लागेल, हे पत्राने किंवा ईमेलने विचारून उत्तर जवळ ठेवावे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी मात्र या सोयीकडे अधिक बारकाईने पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. आरसी पुस्तिकेवर नाव बदलले म्हणून आधीच्या मालकाच्या, त्याच्या मुलाच्या किंवा ड्रायव्हरच्या फोनमधली किल्ली आपोआप जात नाही. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला समोर बसवून गाडीच्या पडद्यावरील डिजिटल किल्ल्यांची यादी उघडायला लावावी, सर्व किल्ल्या काढून टाकायला लावाव्यात, ॲपमधून गाडी त्याच्या खात्यातून मोकळी करून घ्यावी, आणि मग त्याचाच फोन हँडलला टेकवून दार उघडत नाही ना, हे पाहावे.