पवार नाही, पोवार शोधा: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटचा माझा अनुभव

ज्यांच्या घरातलं कोणी जर्मनच्या लढाईत, म्हणजे महायुद्धात, गेलं आणि परत आलं नाही त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय, सातारा आणि कोकणातली मंडळी विशेष करून वाचा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून १९१७ सालची संस्था आहे, दोन्ही महायुद्धांत मेलेल्या कॉमनवेल्थ सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं तीच सांभाळते, आणि या सैनिकांची यादी तिच्या साईटवर फुकट शोधता येते. मी पाचपैकी साडेचार स्टार देईन. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमचं गाव पाटण तालुक्यात. पणजोबांचे थोरले भाऊ, घरात सगळे त्यांना थोरले आबा म्हणतात, पलटणीत होते आणि इराकमधल्या बसऱ्याकडे कुठेतरी गेले एवढंच माहीत. नंबर नाही, कागद नाही, फोटो नाही. होती ती फक्त देव्हाऱ्यातली एक जाड गोल ताटली, अर्ध्या वितीची, काळपट पितळेसारखी. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि पुढे सिंह, त्यामुळे घरात तिला देवीच समजायचे, रोज हळदकुंकू, खंडेनवमीला चिंच लावून घासायची आणि कोयता-विळ्याबरोबर पूजेला मांडायची. मी लहानपणापासून तिला नमस्कार करत आलोय. दोन वर्षांपूर्वी कडेच्या इंग्रजी अक्षरांतली हळद टाचणीने काढली तेव्हा समजलं की ती बाई म्हणजे ब्रिटानिया, आणि पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी सरकार जी स्मृतिताटली पाठवायचं तीच ही. काशाच्या अशा तेरा लाखांवर ताटल्या बनवल्या होत्या. त्यावर हुद्दा नाही, पलटण नाही, फक्त नाव, आणि ते मुद्दामच, साहेब असो की शिपाई मरणात सगळे सारखे म्हणून.

नावाची चौकट इतकी झिजलेली की वाचताच येईना, मग पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. अक्षरं उमटली आणि बघतो तर पवार नाहीच, ‘पी’ नंतर ‘ओ’, म्हणजे पोवार. आमचं सगळं इथेच अडलं होतं, कारण त्याच्या आधी मी सहा महिने चुकीच्या स्पेलिंगने शोधत होतो, त्यात एका पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या साईटचं वर्षभराचं सबस्क्रिप्शनसुद्धा भरून बसलो आणि तिने मला पॉवर आडनावाचे आयरिश सैनिक काढून दिले. ते पैसे गेले ते गेलेच.

तर आता कमिशनच्या साईटवर कसं शोधायचं ते सांगतो. साध्या सर्चमध्ये आडनाव टाकून थांबू नका. आपल्या शिपायांची नावं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलीत, शिंदेचं सिंदे झालेलं असू शकतं, जाधवचा शेवट वेगळा असू शकतो, आणि बऱ्याचदा आडनावाच्या रकान्यात पहिलं नावच बसलेलं असतं. ॲडव्हान्स्ड सर्च उघडा, पहिलं महायुद्ध निवडा, सैन्य इंडियन निवडा, आणि खाली जादा माहितीचा रकाना आहे तिथे गावाचं नाव नाहीतर जिल्हा टाका. का, तर बऱ्याच नोंदींत अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, सातारा, बॉम्बे असं लिहिलेलं असतं. गावाच्या नावाचीही वाट लागलेली असू शकते पण सातारा बहुतेक वेळा सातारासारखाच लिहिलेला असतो, म्हणून मी सातारा टाकलं, पलटणीच्या रकान्यात मराठा टाकलं आणि एकेक नोंद वाचत बसलो, पहिल्या रात्री दोन वाजले. मराठा लिहिताना मध्ये ‘एच’ घाला, मह्राट्टा असं त्यांचं जुनं स्पेलिंग आहे. आणि तेव्हा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे नंबर होते, १९२२ ला त्या सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री झाली, त्यामुळे घरात कोणी ‘तिसरी बटालियन’ म्हणत असेल तर पहिल्या महायुद्धासाठी ती ११० समजायची.

चौथ्या रात्री सापडले. शिपाई, ११० मराठा लाईट इन्फंट्री, नंबर, बापाचं नाव बरोबर, गावाचं नाव अर्धं बरोबर, मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५, बसरा मेमोरियल. मी ती तारीख किती वेळा वाचली असेन.

आता या तारखेचं आमच्या घराला काय वाटलं ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होणार नाही. घरात सगळे म्हणायचे थोरले आबा इराकमधल्या कूतच्या वेढ्यात उपाशी मेले. कूतला ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे पावणेपाच महिने ब्रिटिश जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, अन्न संपलं तेव्हा घोडी कापली आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते मांस खायला नकार दिला, हे खरंच घडलंय. थोरली आई, म्हणजे त्यांची बायको, शेवटपर्यंत सर्वपित्रीला एक भाकरी वेगळी काढून ठेवायची, ते पोटाला उपाशी गेले म्हणून, आणि तिच्यानंतर आमच्या आज्जीने तेच चालू ठेवलं. पण २२ नोव्हेंबर म्हणजे वेढ्याच्या आधी पंधरा दिवस. त्या दिवशी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई सुरू झाली, आपल्या बाजूचे चार हजारांवर मेले आणि जखमी झाले, तिथून मागे हटत हटत मग सगळे कूतला पोचले. थोरले आबा कूतला परत पोचलेच नाहीत. मी आज्जीला सांगितलं, आज्जी ते उपाशी नाही गेले गं, लढाईच्या पहिल्याच दिवशी गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग थोरलीनं उगाच जन्मभर जीव जाळला रं.” गुरुजींकडून जुन्या पंचांगावरून तिथी काढून घेतली, कार्तिकातली आहे. गेल्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या तिथीला पान वाढलं. भाकरी मात्र आज्जी अजून काढते, मी काही म्हटलं नाही.

नोंदीच्या पानावरून नावाचं सर्टिफिकेट डाऊनलोड होतं, आम्ही ते फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. काही नोंदींना जुन्या रजिस्टरच्या पानांचे स्कॅन जोडलेले असतात, ते नक्की उघडून बघा.

आता जे खटकतं ते. बसरा मेमोरियलच्या दगडावर ब्रिटिशांची नावं आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांची आहेत, पण हवालदाराच्या खालचे आणि हवालदारसुद्धा नुसते आकड्यात आहेत, पलटणीचं नाव आणि ‘आणखी इतके हिंदी सैनिक’. म्हणजे घरी आलेल्या ताटलीवर हुद्दा नसलेलं नाव, आणि तिकडे दगडावर नाव नसलेला आकडा. हे काय माझं म्हणणं नाही, कमिशनने स्वतःच २०२१ साली अहवाल काढून कबूल केलं आणि माफी मागितली, त्यात ४५ ते ५४ हजार लोकांचं स्मरण असमान पद्धतीने झालं आणि किमान १ लाख १६ हजारांची नावं लागलीच नाहीत असे आकडे आहेत. अर्धा स्टार त्या दगडासाठी कापला. ते स्मारक १९९७ ला बसऱ्याहून उचलून नासिरियाच्या रस्त्याला ३२ किलोमीटरवर नेलंय, फोटोत बघितलं, भिंतींमागे नुसतं वाळवंट.

आणखी एक, इथे फक्त मेलेल्यांची नावं आहेत. तुमचे पणजोबा जिवंत परत आले असतील तर इथे वेळ घालवू नका, घरातली मेडल काढा आणि कडेवर भिंग धरा, कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पंजाबवाल्यांची तीन लाखांवर नावांची रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये सापडली आणि ऑनलाईन आली, आपल्या मुंबई इलाख्याची तशी रजिस्टरं मला कुठे दिसली नाहीत, म्हणून ही यादी आपल्याला जास्त मोलाची. लढवय्येच नाही, खेचरवाले, भिश्ती, लेबर कोअरवालेसुद्धा यात आहेत, त्यामुळे पलटणीत नव्हते म्हणून सोडून देऊ नका. आणि जे हिंदुस्थानातच मेले त्यांच्यासाठी दिल्लीचं स्मारक, म्हणजे इंडिया गेट, आधी तपासा.

गावात मारुतीच्या देवळाजवळ किंवा चावडीवर संगमरवरी पाटी असेल, या गावातून इतके गेले, इतके मेले, अशी, तर तिचाही फोटो काढून ठेवा. आमच्या पाटीवरचा मेलेल्यांचा आकडा सात आहे. थोरले आबा धरून मला पाच सापडलेत, उरलेल्या दोघांसाठी सध्या मोऱ्यांच्या आणि कदमांच्या घरी जुन्या पेट्या उघडणं चालू आहे.